कचरूचा रू

"थांब रे," म्हणत गोजरबाईंनी दगडावर तळहात टेकवला आणि भिवा पाथरवटाची छिन्नी वरच्या वर थांबली.

चावडीसमोरच्या नव्या हुतात्मा स्तंभावर चार नावं कोरून झाली होती. पाचवं अर्ध्यात होतं: क, च आणि र. उद्या सतरा सप्टेंबर. मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षं पुरी होणार, जालन्याहून पाहुणे येणार, झेंडा लागणार. गोजरबाईंना वाचता येत नव्हतं, पण पाचवं नाव आपल्या धाकट्या भावाचं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"कुठवर आलं?"

"तीन अक्षरं झाले, माय. आता ह्या र वर मात्रा दिली की रे. मंग श्वर."

"श्वर कुठला?"

भिवानं कागद पुढं धरला. "कचरेश्वर सांडू. असंच लिव्हलंय."

कागद धर्मराज गुरुजींचा होता. हा स्तंभ व्हावा म्हणून गुरुजींनी पाच वर्षं भोकरदनच्या कचेरीचे उंबरे झिजवले होते, त्यामुळं यादीत आपण दोन अक्षरं वाढवली तर कुणाचं काय बिघडणार, असं त्यांना वाटत होतं. ते चावडीच्या पायरीवरून उतरून आले.

"आत्या, कचरेश्वर म्हंजे कचरूच. पण जरा शोभतं. उद्या पाहुणे माईकवर नाव वाचतील अन् पोरं फिदीफिदी हसतील. तुम्हाला चालंल का?"

"त्याचं बारसं तू केल्तंस व्हय रे, धर्मा?"

चारचौघांत त्या त्यांना गुरुजी म्हणत. आता धर्मा म्हणाल्या, म्हणजे प्रकरण अवघड होतं.

कचरूच्या आधी घरात तीन मुलगे झाले आणि गेले. चौथा झाला तेव्हा आईनं पाचव्या दिवशी त्याला उकिरड्यावर ठेवलं. सहा वर्षांच्या गोजरनं तो उचलला आणि आईनं सूपभर कोंडा देऊन लेकीकडून तो विकत घेतला. उकिरड्यावरचं पोर म्हणून नाव कचरू. असला माल मरणाला नको वाटावा, एवढीच त्या माउलीची युक्ती. त्या काळी घरोघरी हेच चालायचं. गावात आणखी तीन कचरू होते आणि ते तिघंही आज पतवंडं खेळवत होते.

"ते मला ठाऊक हाय, आत्या," गुरुजी म्हणाले. "पण ते घरातलं नाव. हा इतिहास हाय."

"मंग इतिहास ऐक."

गोजरबाईंनी दगडावरचा हात काढला नाही.

"निजाम जकात उकळायचा तो करोडगिरीचा नाका माझ्या भावानं जाळला. तिसऱ्या दिवशी निजामाचे पोलीस आले. साऱ्या तरण्या पोरांना ह्या लिंबाखाली बसवलं. जमादाराला कुणीतरी निस्तं नाव सांगितल्तं, बापाचं न्हाई. त्यानं बंदूक रोखून ईचारलं, 'कचरू कौन है?' चार कचरू, चौघंबी हितंच बसलेले. जमादार म्हणला, सांगत न्हाई तर चौघांनाबी घेऊन जातो. मंग माझा भाऊ उठला. 'मैं हूँ' म्हणला. त्याला गोळी घातली. कचरेश्वर म्हणून हाक मारली असती, तर कुणीच उठलं नसतं, गुरुजी. तो ज्या नावावर उठला, ते नाव लिव्ह."

नाका जाळला, गोळी लागली, एवढंच गुरुजी वर्गात शिकवत आले होते. उरलेल्या तिन्ही कचरूंनी ही गोष्ट पन्नास वर्षांत कधी तोंडातून काढली नव्हती.

गुरुजींनी भिवाकडून कागद घेतला, खिशातलं पेन काढलं आणि आपल्या सुंदर अक्षरावर सरळ काट मारली. मास्तर शेवटी मास्तरच.

"रू दीर्घ काढ, भिवा," ते म्हणाले. "ऱ्हस्व बिलकुल चालणार न्हाई."

गोजरबाईंनी हात उचलला.

दुसऱ्या दिवशी झेंडा लागला. पाहुण्यांनी नावं वाचायला घेतली. प्रत्येक नावाला गाव "अमर रहे" म्हणत होतं. पाचव्या नावाशी पाहुणे अडखळले, त्यांनी दगडाकडे वळून पाहिलं आणि वाचलं, "हुतात्मा कचरू सांडू."

शाळेच्या रांगेत दोघातिघांना हसू फुटलंच.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून एक म्हातारा काठी टेकत उठला. त्याला पाहून दुसरा उठला, मग तिसरा. तिघांनी टोप्या सारख्या केल्या. पहिल्यानं थरथरत्या आवाजात, पण छाती भरून हाक दिली, "कचरू!"

"अमर रहे!" सारं गाव ओरडलं. हसणारी पोरंही ओरडली.

गुरुजींनी गोजरबाईंकडे पाहिलं. त्या रडत असतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसत होत्या आणि वर, लिंबाच्या शेंड्याकडे बघून कुणाशी तरी बोलत होत्या.

"ऐकलंस का, माय? तुजा सूपभर कोंडा वाया न्हाई गेला."