बिघडलेली थोरली

सूनबाईने एक फोन मानेशी दाबून धरला, दुसरा हातात घेतला, आणि तिसरा वाजायला लागला तेव्हा त्याच्यावर उशी ठेवली.

मानेशी दाबलेल्या फोनात तिचा नवरा होता. मधलीचा, म्हणजे घरच्या मधल्या ट्रकचा, क्लच घाटाच्या ऐन चढावर गेला होता.

"अगं, पेडल खाली जातं ते वरच येत नाही."

"पायाने ओढून वर आणा."

"आणत होतोच की. आता पायच वर येत नाही. दुसऱ्या गाडीला टोचन लावून ओढत आणतोय, संध्याकाळ धर."

हातातल्या फोनात वकील होता. वकील म्हणजे धाकटीचा ड्रायव्हर. कायद्याचं पुस्तक त्याने लांबूनही पाहिलेलं नव्हतं, पण एकदा तो एका गोदामाच्या वॉचमनशी असा भांडला होता की वॉचमनने शेवटी स्वतःचीच चूक लिहून दिली, असं सांगतात.

"वहिनी, हे म्हणतात धाकटीतला माल उतरायला संध्याकाळ होणार. मी म्हटलं, मग मलाही मालाबरोबर उतरवून घ्या, वर मालाची चिठ्ठी लावा."

"वकीलभाऊ, भांडू नका."

"भांडत नाहीये. बाजू मांडतोय."

दोन्ही फोन ठेवून तिने उशी उचलली. बरण्यांच्या कारखान्याचे साहेब होते. हा माणूस कधी आवाज चढवत नसे, आणि म्हणूनच त्याची भीती वाटे.

"ताई, भट्टी काही बंद ठेवता येत नाही. बरण्या येतच राहतात, आणि ठेवायला आता टेबलाखाली माझे पाय आहेत तेवढीच जागा उरलीय. पाचपर्यंत गाडी लागली नाही, तर वर्षभराचं काम मला दुसऱ्याला द्यावं लागेल. मनात नसलं तरी."

दुसरा म्हणजे कोण, ते तिला ठाऊक होतं. त्याच्याकडे गाड्या वीस आणि लाज अर्धी. पण कारखान्याचं काम म्हणजे या घराची भाकरी होती; बाकीची सगळी कामं नुसती चटणी.

"गाडी येईल साहेब."

"गाड्या किती आहेत हो तुमच्याकडे?"

"दोन," ती म्हणाली, आणि खिडकीतून तिसरीकडे बघत राहिली.

तिसरी म्हणजे थोरली. अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीकडे पाठ करून उभी. ही या घरातली पहिली गाडी, आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, भर तारुण्यात आणलेली. तिच्या हॉर्नने म्हणे वाटेतल्या कोंबड्या वेळेआधी अंडी देत, आणि उतारावर ती सुटली की मैलाचे दगड अदबीने बाजूला सरकत. यातलं अर्धं आप्पा सांगत; उरलेलं अर्धं ऐकणारे आपल्या पदरचं घालत.

मग मागच्या हिवाळ्यात आप्पांनी थोरली आत घेताना फाटकाचा खांब पाडला. खाली उतरून ते म्हणाले, "हा खांब काल इथे नव्हता." खांब तर अंगणाहूनही जुना. तो पुन्हा उभा केला, आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात त्याने आणखी दोनदा जागा बदलून आप्पांना आडवं यायचा प्रयत्न केला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की आता ही नजर काही परत यायची नाही, गाडी बंद करा.

पण ते आप्पांना सांगायचं कोणी? मुलगा घाटात एका हाताने वळणं घेई. बापासमोर मात्र त्याच्या तोंडाला कुलूप लागे. शेवटी सूनबाईनेच डॉक्टरांचं ऐकलं, पण आपल्या पद्धतीने. गाडी बंद करा म्हणाले ना, तिने गाडी बंद केली. बॅटरीची वायर काढली आणि कपाटात चादरींच्या घडीखाली ठेवली. समोरच्या गॅरेजच्या मिस्त्रीला फितवलं. मिस्त्रीने आप्पांसमोर इंजिनात डोकं घालून, आईची शपथ घेऊन सांगितलं, "आप्पा, हिचा तो पार्ट आता कुठे बनतच नाही."

"हं," आप्पा म्हणाले होते. "वय झालं तिचं."

तेव्हापासून ते थोरलीशेजारी, गाडीच्याच एका जुन्या सीटवर, भिंतीला टेकून बसत. तीन गाड्यांचं घर दोन गाड्यांवर चालत होतं, आणि चांगली गाडी मोडकी म्हणून उभी होती.

सूनबाईने ओळखीच्या सगळ्यांना फोन लावून पाहिले. कोणाची गाडी रस्त्यात, कोणाचा ड्रायव्हर लग्नात, आणि एकाचं तर दोन्ही.

गाडी हाकायला ती स्वतः तयार होती. परवाना होता, हातही बसलेला होता. आप्पांनीच शिकवलं होतं, ती या घरात नवी आली तेव्हा. "घरात आलेल्या माणसाला घरची गाडी यायला पाहिजे," म्हणाले होते. अडचण गाडीची नव्हतीच. थोरली घुरघुरली की आप्पा उठणार, आणि स्टिअरिंगवर जाऊन बसणार. मग त्यांच्या तोंडावर 'तुम्हाला आता दिसत नाही' हे वाक्य म्हणावं लागणार. इतके महिने जे वाक्य चादरींखाली दडपून ठेवलं होतं ते.

घड्याळाकडे बघत ती उठली. वायर काढून ओढणीत गुंडाळली आणि मागच्या दाराने जाऊन मिस्त्रीला घेऊन आली.

"बॅटरी पार मेली असेल ना?" ती हळूच म्हणाली.

मिस्त्री आभाळाकडे बघू लागला. "चार्ज आहे."

"इतके महिने? कोणी केली?"

"वहिनी, ते तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय."

"कोणाशी ठरलंय?"

"तेही त्यातच आलं."

तिने थोरलीकडे नीट पाहिलं. टायरांत हवा होती. बॅटरीच्या टोकांना ताजं ग्रीस होतं. समोरची काच पुसलेली होती, पण नुसती मधोमध. कोपऱ्यांत धुळीचे ओघळ तसेच होते, पुसणाऱ्याला ते दिसलेच नसावेत असे.

मिस्त्रीने वायर जोडली, चावी फिरवली. थोरली एकदा खाकरली आणि मग अशी बोलायला लागली की भिंतीवरचं मांजर थेट शेजारच्या छपरावर गेलं.

आप्पा उठले.

मिस्त्रीला एकदम गॅरेजातलं काम आठवलं. सूनबाई तिथेच उभी राहिली. आप्पा मडगार्डवर हात टेकत, हाताने वाट काढत, ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराशी आले. हात कडीवर गेला. तिने तोंड उघडलं; ते वाक्य जिभेच्या टोकाशी येऊन उभं होतं.

आप्पांनी दार उघडलं आणि बाजूला सरले.

"बस. सीट पुढे ओढून घे, पाय पोचायचे नाहीत तुझे."

मग बोनेटवर हात फिरवत ते समोरून वळसा घालून पलीकडे गेले आणि क्लीनरच्या जागी चढून बसले.

"चल. बरण्या काय आपल्यासाठी थांबतात?"

फाटकाचा खांब तिने व्यवस्थित टाळला. आप्पांनी खिडकीबाहेर हात काढून त्याला जाता जाता चापट मारली.

गाडी गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला लागली.

"मोडक्या गाडीचा विमा कोण भरतं गं?" आप्पा म्हणाले.

तिने गिअर बदलला. गरज नव्हती, तरी बदलला.

"कधी कळलं?"

"मिस्त्रीने आईची शपथ घेतली तेव्हा. त्याची आई त्याला जन्मभर माझी खोटी शपथ घेऊ नको म्हणून ओरडत आलीय. आणि मग विम्याचा माणूस येऊन गेला. तू त्याला चहा दिलास आणि हळू बोला म्हणालीस. डोळे गेलेत माझे, कान नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळ्यांनी इतकी मेहनत घेतली होती." आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते, किंवा नुसतं तोंड तिकडे होतं. "आणि मलाही बरं पडलं. चार लोक विचारायचे, आप्पा, दिसत नाही हल्ली रस्त्यावर. मी म्हणायचो, गाडी बिघडलीय."

पुढे एक बैलगाडी आडवी आली. सूनबाईने हॉर्न वाजवला, जरा जास्तच वेळ.

कारखान्यात गाडी मागे घेताना आप्पा खाली उतरले. अंगणात काढलेल्या महिन्यांचा सगळा आवाज त्यांनी जपून ठेवला असावा. थोरलीच्या अंगावर थाप मारत ते ओरडत होते, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस." सूनबाई आरशात बघत होती. त्यांचं 'बस' आलं तेव्हा गाडीची मागची फळी आणि माल चढवायचा धक्का यांच्यात जेमतेम हात मावेल एवढं अंतर होतं. इंजिनाचा आवाज भिंतीवरून परत येतो तो ऐकायचा असतो, असं त्यांनी नंतर हमालांना समजावलं. हमालांनी ते खरं मानलं. सूनबाईनेही मानलं, पण ब्रेकवरचा पाय तिने काही काढला नाही.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि आवाज न चढवताच चहा मागवला.

बरण्या पोचत्या करून थोरली अंगणात परतली तेव्हा दिवेलागण होत होती. मधली टोचनामागून येऊन उभी होती. नवरा आत हातपाय धूत होता. वकिलाचा निरोप होता की माल उतरला, पण केस अजून चालू आहे.

सूनबाईने इंजिन बंद केलं, उतरली आणि वायर परत काढायला पाना घेऊन बॅटरीकडे वळली. पान्याचा खुळखुळाट झाला.

"असू दे," आप्पा सीटवर टेकत म्हणाले. "बरी झालीय ती आता."

तिने पाना ठेवून दिला. ओसरीवरचा फोन वाजला. साहेबच होते, उद्याही माल होता.

"गाड्या किती म्हणालात तुमच्याकडे?"

"तीन," ती म्हणाली.

आप्पांनी ते ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी फडकं मागून घेतलं, थोरलीची काच मधोमध स्वच्छ पुसली, फडकं झटकून आरशाला अडकवलं आणि भिंतीला धरत धरत आत जेवायला गेले.

अंगणात कोणी नाही असं बघून सूनबाईने ते फडकं काढलं, पायरीवर चढली आणि काचेचा राहिलेला कोपरा पुसू लागली. अगदी हलक्या हाताने.

"पलीकडचाही घे गं," आतून आवाज आला.