कलम दोन आणि कलम एकोणीस

माझं काम व्याख्या लिहिण्याचं. आरोग्य खात्याच्या कायदा शाखेत बावीस वर्षं मी शब्दांचा कीस काढत बसलोय. आमची एक पद्धत असते. टेबलापलीकडे जगातला सगळ्यात लबाड माणूस बसलाय असं समजायचं आणि त्याला निसटायला फट राहणार नाही असं लिहायचं. 'परवानाधारक आरोग्यसेवक' ही व्याख्या मी तशीच लिहिली. समोर बोगस डॉक्टर बसवला होता. आमच्या मावशींना तिथे बसवून बघावं, हे मला सुचलंही नाही.

मावशी नात्याच्या नव्हेत. आईला अर्धांगवायू झाला तेव्हापासून नऊ वर्षं त्याच तिला सांभाळत होत्या. आईच्या गळ्यात श्वासासाठी नळी बसवलेली होती. तिथे कफ साचला की उशाशी ठेवलेल्या सक्शन मशीनने तो ओढून काढायचा. हे मावशी इतक्या हलक्या हाताने करायच्या की कधीकधी आईची झोपही मोडत नसे. हॉस्पिटलातल्या एका सिस्टरने त्यांना शिकवलं होतं. शाळा म्हणाल तर चौथी.

नवा कायदा लागू झाला त्या सकाळी मी मावशींना स्वयंपाकघरात बसवलं आणि कलम दोन मोठ्याने वाचून दाखवलं. नळीतून कफ काढणं ही आता 'शुश्रूषा सेवा', आणि ती परवानाधारकानेच द्यायची.

"मग मी कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सोबतीला. अंघोळ घालायची, कूस बदलायची, गप्पा मारायच्या. नळीला हात लावायचा नाही."

"गप्पांना परवाना लागत नाही, हे एक बरं केलंत," त्या हसल्या. मग म्हणाल्या, "नाही लावणार, साहेब. तुमच्याच घरात कायदा मोडला तर लोक तुमच्या तोंडात शेण घालतील."

मला तेच हवं होतं. कलम एकोणीस मी मुद्दाम वाचलं नाही. जीव धोक्यात असेल तर हजर असलेल्या कोणीही, परवाना असो वा नसो, मदत करावी, तो गुन्हा नाही, असं त्यात आहे. तेही मीच लिहिलेलं. पण सूट दिसली की माणूस रोज तिथूनच ये-जा करतो, ही माझी नोकरीतली अक्कल. ती मी घरी आणली.

परवाना असलेली सिस्टर दिवसातून चारदा येऊ लागली. हुशार, मायाळू पोरगी. तिला नावं ठेवायला जागा नाही. फक्त तिच्या वाट्याला अकरा घरं होती.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना मावशींचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळूच होता. फार घाबरल्या की त्या आवाज खाली आणतात, आईला कळू नये म्हणून. नऊ वर्षांत मला एवढं तरी ठाऊक असायला हवं होतं.

"कफ अडकलाय. सिस्टर वाटेत आहेत, पंधरा मिनिटं म्हणतात. मी काढू का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "येतेय ना ती? मग थांबा," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

सिस्टर बारा मिनिटांत पोचली. आई त्याआधीच गेली होती. आईला मी मारलं, असं मी कुणाला सांगत नाही. स्वतःला रोज सांगतो.

चार दिवसांनी मावशी सामान आवरायला आल्या. आईच्या पलंगावरची चादर काढता काढता त्यांनी विचारलं, "साहेब, एक सांगू? तुम्ही नको म्हणालात, तरी शेवटी मी मशीन लावून कफ ओढला. ओठ निळे पडले, मग राहवेना. पण उशीर झाला होता. मला पकडतील का हो?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणालो. "जीव जात असेल तर कुणीही केलं तरी चालतं. एकोणिसाव्या कलमात आहे."

"नवीन घातलंत?"

"पहिल्यापासून आहे."

त्यांनी चादरीची घडी पुरी केली, ती आईच्या उशीवर ठेवली आणि वरून दोनदा हात फिरवला.

"त्या सकाळी मला काही घाई नव्हती, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचलं असतंत तर मी ऐकलं असतं."