उतरवून ठेवलेलं घड्याळ

परीक्षक बाई बुधवारी सकाळी दहाला येणार होत्या, आणि मंगळवारची संध्याकाळ झाली तरी जेवणाच्या टेबलाचं लाकूड काही दिसायला लागलं नव्हतं. या घराची शाळा त्याच टेबलावर भरायची. एका टोकाला दहा वर्षांची मोठी, दुसऱ्या टोकाला सहा वर्षांची धाकटी, जिला एका जागी बसता येत नाही म्हणून सगळे भिंगरी म्हणत, आणि मधल्या खुर्चीत आई. जेवायची वेळ झाली की पुस्तकं खुर्च्यांवर जायची आणि जेवण झालं की परत टेबलावर यायची. गेली सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

पुस्तकं तरी किती? आधी निळा संच. तो पाठांतरावर फार भर देतो असं कुणीतरी म्हणालं म्हणून वर्षभरात पिवळा आला. पिवळ्यात चित्रं सुंदर, पण गणित पातळ; म्हणून त्याच्या डोक्यावर हिरवा. शिवाय उसने आणलेले, फुकट मिळालेले आणि कधीच न उघडलेले असे दोन खोके पलंगाखाली. आई एका संचातून दुसऱ्यात उडी मारायची तेव्हा तिला दर वेळी वाटायचं, आता मात्र सापडलं! चार महिने ते टिकायचं.

घरी शिकवायचं तर वर्षातून एकदा शिक्षण कार्यालयाचा परीक्षक घरी येऊन मुलांना तपासतो. त्याने संमतीपत्रावर सही केली तर पुढचं वर्ष घरी. नाही केली, तर मुलीचं नाव शाळेत. नियम एवढा सोपा होता. पाच वेळा सही झाली होती, आणि पाचही वेळा आदल्या दिवशी आईने सगळ्या वह्या पुन्हा पुन्हा चाळल्या होत्या. या वर्षीही चाळल्या होत्या. पण या वर्षीची गोष्ट वेगळी होती, आणि ती तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. या वर्षी तिला सही नको होती.

ती दमली होती. एक दिवस झोपून उतरेल असा तो शीण नव्हता. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो अंथरुणात तिच्या शेजारी जागा झालेला असायचा. पण आता थांबू या, हे तिच्या तोंडून निघणार कसं? पहिल्या वर्षी मोठीचे कान सारखे फुटायचे, शाळा बुडायची, म्हणून हे सुरू झालं. तेव्हा सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं, आणि हिने एकेकाला पुरून उरून दाखवलं होतं. आता त्याच लोकांसमोर हात टेकायचे? त्यापेक्षा एखाद्या परक्या बाईने कागदावर ‘नाही’ लिहावं, आपण चार दिवस तोंड पाडून बसावं आणि मग खुशाल झोपावं. हे असलं मनात येतं याची तिला लाज वाटायची, आणि तरी ते रोज यायचं.

त्यात मंगळवार म्हणजे बैठकीचा दिवस. घरी शिकवणारे आठ-दहा पालक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जमून पुस्तकांची अदलाबदल करत आणि एकमेकींना धीर देत. तिथे एक वेळापत्रकवाली होती, जिच्या तक्त्यात मुलांच्या जांभया द्यायची वेळसुद्धा आखलेली असावी. एक प्रकल्पवाली होती. तिच्या मुलांनी गच्चीत मधमाश्या पाळल्या होत्या आणि अजून कुणाला चावल्या नव्हत्या, असं तीच सांगायची. रोज सकाळी सहाला यांच्यातली कुणीतरी फोनवरच्या गटात उगवत्या सूर्याचं चित्र पाठवायची, वर ‘तुम्ही पुरेशा आहात!’ असं लिहिलेलं. आई ते वाचायची आणि तिला वाटायचं, कशाला पुरेशी?

त्या मंगळवारी एक नवी मुलगी आली होती. कडेवर वर्षाचं बाळ, पिशवीत चार वर्षांच्या मुलाची पुस्तकं. ती थेट आईपाशी आली.

“ताई, सगळ्या म्हणतात तुम्ही जुन्या जाणत्या. तुम्हाला कधी कंटाळा येत नाही का हो?”

“छे गं!” आई हसून म्हणाली. “मुलींचे चेहरे पाहिले की सगळा शीण जातो.”

त्या मुलीचा चेहरा जरा उतरला, आणि ती हिरव्या संचाची चौकशी करायला दुसरीकडे गेली.

संध्याकाळी बाबा आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळ्या गावच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून जायच्या आणि स्वतःच्या इमारतीतली आठ दिवस बंद होती. साबणाने काळे हात घासत त्याने टेबलाकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाला, “अगं, फारच होत असेल तर बंद करू या का?”

“म्हणजे सहा वर्षं मी काय झक मारली?” ती फाडकन म्हणाली.

तो पुन्हा हात घासायला लागला. ज्या शब्दांसाठी ती वर्षभर थांबली होती ते त्याने आयते दिले, आणि तिने ते त्याच्याच तोंडावर फेकले.

बुधवारी परीक्षक बाई तीन मजले चढून आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, आखूड पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी, हातात स्वतःची पाण्याची बाटली. दारातच दोन मिनिटं दम खाल्ला आणि म्हणाल्या, “लिफ्टवाल्याच्या घरी येतेय असं ऐकलं होतं.” आई ओशाळली. मोठी मात्र खदखदून हसली आणि बाईंना बसायला स्वतःची खुर्ची दिली.

भिंगरीने अक्षरं वाचून दाखवली, त्यातली निम्मी टेबलाखालून. मग मोठीची पाळी. तिने न अडखळता दोन पानं वाचली. पानांच्या शिरांची चित्रं दाखवली. अपूर्णांकांच्या भागाकाराचं गणित घातलं तर ते एका रीतीने सोडवून म्हणाली, “पिवळ्या पद्धतीनेही करून दाखवू? की निळ्या?” तीन संचांनी तिला एकच गोष्ट तीनदा शिकवली होती. बाईंची पेन्सिल कागदावर भराभर खुणा करत होती. आईला अभिमान वाटत होता, आणि त्या अभिमानाच्या तळाशी काहीतरी खचत चाललं होतं.

“हुशार आहेस,” बाई म्हणाल्या. “माझी अकराची गोळी असते. बघ गं, किती वाजले?” आणि त्यांनी मनगट पुढे केलं.

मोठीने घड्याळ पाहिलं. मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. “छान आहे,” ती म्हणाली.

“अगं, वाजले किती?”

“ते मला येत नाही,” मोठी अगदी सहज म्हणाली. “यातला लांब काटा कशाचा?”

आईच्या डोळ्यांसमोर पुस्तकं भराभर उलगडली. घड्याळाचा धडा निळ्या संचात दुसऱ्या वर्षाला होता. त्यांनी निळा पहिल्या वर्षाअखेर सोडला, आणि पुढे परत धरला तो थेट वरच्या वर्षापासून. पिवळ्यात तो पहिल्याच वर्षाला येऊन गेलेला, आणि पिवळा त्यांनी दुसऱ्यापासून धरला. दोन संचांच्या फटीतून घड्याळ सरळ खाली पडलं होतं. घरात तरी ते कुठे होतं? मूल आपल्या लयीने शिकतं, भिंतीवरची घड्याळं उतरवा, असं बैठकीत कुणीतरी सांगितलं होतं. तिने त्याच संध्याकाळी स्टुलावर चढून ते उतरवलं होतं, आणि पाच वर्षं ते कपाटात चादरींखाली होतं. वेळ पाहायची तर तिच्या खिशात फोन होता. मुलींच्या खिशात काय होतं?

“मग तुला कळतं कसं, कधी काय करायचं ते?” बाईंनी विचारलं.

“आईवरून,” मोठी म्हणाली. येतंय ते विचारलं की ती नेहमी खुलायची, तशी आताही खुलली. “आईचा पहिला चहा गार झाला की गणित. आई मान चोळायला लागली की भाषा. दुसऱ्यांदा ‘थांब जरा’ म्हणाली की जेवण. मग ती भिंगरीला एकच प्रश्न दोनदा विचारते आणि उत्तर ऐकतच नाही, तेव्हा दुपार होते. तेव्हा विज्ञान काढायचं नाही, चित्रं काढत बसायचं. आणि आई नळ न सोडता नुसतीच भांड्यांपाशी उभी राहिली, की बाबा यायची वेळ.”

“चुकत नाही कधी?”

“कधीच नाही. रविवारी पण नाही.”

आईला मुलीवर रागवावंसं वाटलं नाही. तिला फक्त वाटलं, आपण सहा वर्षं या पोरीला शिकवत होतो, आणि ती सगळा वेळ आपल्याला वाचत होती.

बाईंनी स्वतःच वेळ पाहिली आणि गोळी घेतली. मग पिशवीतून संमतीपत्र काढलं. आता ‘नाही’, आईच्या मनात आलं, आणि खोटं कशाला बोला, तिचा जीव भांड्यात पडला. बाईंनी पेनाचं टोपण उघडलं आणि एका दमात सही केली.

“घड्याळ दोन दिवसांत येईल तिला,” त्या म्हणाल्या. “भागाकाराच्या तीन रीती जिला येतात तिला दोन काटे काय जड? बाकी काम उत्तम आहे तुमचं.”

आईने कागद घ्यायला हात पुढे केला, पण चेहरा काही तिला सावरता आला नाही.

बाईंनी तो पाहिला. जिना उतरताना पहिल्या पायरीवर थांबून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “मी चौतीस वर्षं शाळेत होते. लोक म्हणतात, मुलांवरच्या प्रेमाने टिकले. प्रेम होतंच. पण खरं सांगू? मी टिकले घंटेमुळे. किती का रखडलेलं असेना, घंटा झाली की खडू खाली.” मग कागदाकडे बोट केलं. “हा सोमवारपर्यंत कार्यालयात तुम्हीच नेऊन द्यायचा असतो. नाही दिलात तर शाळा. का दिला नाही, हे कुणी विचारत नाही.”

आई घरात आली तर मोठी दारामागेच उभी.

“आई, तुला आपण नापास व्हायला हवं होतं ना?”

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. पण या मुलीशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. ती खाली, दारापाशीच बसली.

“हो,” ती म्हणाली. “मी फार दमलेय गं.”

“मला माहितीय.” मोठी तिच्या शेजारी बसली. जरा वेळ फरशीवर बोटाने रेघा ओढत राहिली. “मला घरीच आवडतं. पण मी शाळेत गेले तर तुझी मान दुखायची थांबेल का? मग जाते मी. मला चालेल.”

तिने ते इतक्या शहाण्यासारखं म्हटलं की आईच्या काळजाला घरं पडली. दहा वर्षांची पोर आपल्या मानेसाठी शाळेत जायला निघाली होती. हे तिला कुठल्या संचात शिकवलं होतं? कुठल्याच नाही. रोज टेबलापलीकडून आईकडे बघून ती ते आपलं आपण शिकली होती.

“कुठे जायचं ते तुझ्यासाठी ठरवू,” आई म्हणाली. “माझ्या मानेसाठी नाही. आधी चल, ते घड्याळ काढू.”

चादरींखालून घड्याळ निघालं. टीव्हीच्या रिमोटमधली बॅटरी घालताच चालायला लागलं. मोठीला ते यायला दोन दिवसही लागले नाहीत, जेवायच्या आत आलं. सव्वा, साडे आणि पावणे भिंगरीला ओरडून ओरडून सांगून झाल्यावर तिने विचारलं, “शाळेतली मुलं किती वाजता सुटतात?”

“तीनला.”

“आणि तू?”

आई घड्याळाकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी बाबा हात धूत असताना ती त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काल तू विचारलंस ते पुन्हा विचार.” मग दोघं बराच वेळ बोलत बसले. सगळं काही मिटलं नाही. कागद द्यायचा असं ठरलं, पण एकच वर्ष. संच एकच, हिरवा. बाकीचे खोके पुढच्या मंगळवारी ग्रंथालयात. शनिवारची शाळा बाबाची, त्याला जमो न जमो. आणि रोज तीनला टेबल बंद, धडा कुठेही असो. झोपण्याआधी तिने फोन उघडला आणि सूर्योदयाच्या चित्रांमधून त्या नव्या मुलीचं नाव शोधून काढलं. ‘काल मी तुझ्याशी खोटं बोलले,’ तिने लिहिलं. ‘येतो कंटाळा. खूप येतो. भेट, बोलू.’ पलीकडून लगेच उत्तर आलं, नुसतं ‘रडतेय मी’ एवढंच.

सोमवारी तिने कागद कार्यालयात दिला. परत आली, दोघींना टेबलाशी बसवलं आणि अर्धवट राहिलेला धडा धरला. दुपारी मान दुखायला लागली तेव्हा सवयीने तिने मोठीकडे पाहिलं. मोठीची नजर भिंतीवर होती.

“तीन,” मोठी म्हणाली, आणि पुस्तक मिटलं.

वाक्य अर्धंच राहिलं होतं. आईला ते पुरं करावंसं वाटलं, पण उठली. आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि पलंगावर आडवी झाली. मोकळ्या वेळाचं काय करायचं ते तिला आठवेना. बाहेर भिंगरीची पावलं दारापर्यंत आली आणि फटीतून तिचा एक डोळा दिसला.

“ए, ये इकडे,” मोठीचा आवाज आला. “आईकडे बघायचं नाही आता. घड्याळाकडे बघायचं.”

डोळा गेला, पावलं गेली. आई भिंतीकडे कुशीवर वळली, आणि आज चेहरा कसा दिसतोय याची काळजी न करता पोटभर रडली.