शाळेलाच का कुलूप?

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे आणि चांगलाच चिडलेला आहे. रत्नागिरीच्या एका सुताराने मला घडवलं. गलबतात घालून मला अरबस्तानात, खोर फक्कान बंदराच्या पुढल्या एका छोट्या गावी आणलं आणि १९६२ साली तिथे राहणाऱ्या आपल्या कोकणी लोकांच्या नव्या शाळेला बसवलं. रोज सकाळी मुलं मला ढकलत आत घुसायची. पाहुणे माझ्या फळ्यांवरून हात फिरवून कौतुक करायचे. मला फार अभिमान वाटायचा.

शाळा चालायची ती घरपट्टीबरोबर घेतल्या जाणाऱ्या शिक्षणपट्टीवर. ती गोळा करून शाळेला द्यायचं काम नगरपालिकेचं. वसुलीला होते मोहिद्दीन, आमच्या रत्नागिरीचेच. माणूस गोड, पण या कामाला अगदी कुचकामी! ज्या घरी जातील तिथे आधी कॉफी यायची. आणि ज्याची कॉफी प्यायलो त्याच्याकडे लगेच पैसे कसे मागायचे? मग ते खुशाली विचारायचे, पुरे म्हणून रिकामा कप हलवायचे आणि उठायचे. घरमालक खूश, मोहिद्दीनही खूश. मला दोघांचाही संताप यायचा.

शेवटी मास्तरांचा पगार थांबला. एके सकाळी नगरपालिकेचे सेक्रेटरी नूरुद्दीन आले आणि त्यांनी माझ्या कडीला भलंमोठं कुलूप ठोकलं.

"वसुली नाही, तो स्कूल भी नाही. खलास!"

समोर जुलेखा उभी होती, मुलीचा, हमीदाचा हात धरून. तिने स्वतःची पट्टी वेळेवर भरली होती. ती भडकली.

"सेक्रेटरीसाब, पट्टी तुम्ही बसवली, माणूस तुम्ही ठेवला. त्याने आणली नाही तर कमी पडेल ते म्युनिसिपालिटीने आपल्या फंडातून भरायचं. माझ्या पोरीचा काय गुन्हा?"

"भाभी, इन्शाल्ला, मीटिंगमध्ये बघू."

मागे उभे असलेले मोहिद्दीन खाली मान घालून म्हणाले, "भाभी, उद्यापासून कुणाची कॉफी घेणार नाही."

"आता काय उपयोग, मोहिद्दीनभाई?"

"अम्मी, व्हेन विल स्कूल ओपन?" हमीदाने विचारलं. नूरुद्दीन किल्ली खिशात टाकून चालते झाले.

मीटिंगा झाल्या, लांबल्या, पुन्हा झाल्या. खारा वारा माझ्या बिजागऱ्या खात राहिला, पण तेलाचा थेंब कुणी घातला नाही. जुलेखाने वाट पाहून पाहून हमीदाला आगबोटीने रत्नागिरीला मावशीकडे धाडलं. बाकीच्यांनीही मुलं आपापल्या गावी पाठवली.

मग नगरपालिकेला शहाणपण सुचलं. थकलेली पट्टी ही आपलीच जबाबदारी, असा ठराव झाला आणि फंडातून पैसे आले. नूरुद्दीन हसत हसत किल्ली घेऊन आले.

"यल्ला, चला, उघडा!"

मी करकरत उघडलो. आत बाकं होती, फळा होता. जुलेखा रस्त्यावरूनच ओरडली, "आता कुणासाठी उघडता?"

मित्रांनो, दरवाजांना वेळच्या वेळी तेल घाला, एवढंच माझ्यासारख्याने सांगायचं असतं. पण माझा राग अजून गेलेला नाही. तुमच्या गावात पट्टी थकली तर खुशाल कुलूप आणा आणि ते नगरपालिकेच्या कचेरीला ठोका. शाळेच्या कडीला हात लावायचा नाही!