दर कॉकला एकदा

जळगावच्या आमच्या हॉस्पिटलात गुरुवारी दुपारी कॅन्सरची बैठक भरते. एकेका पेशंटची फाइल उघडायची आणि सगळ्यांनी मिळून उपचार ठरवायचे. म्हणायला बैठक, खरं तर माझं आणि डॉक्टर किरणचं भांडण. तो सर्जन, मी रेडिएशनवाली. बायोप्सी वाचणारे पंडित सर मध्ये बसून केळीचे वेफर्स खातात आणि आवाज चढला की पुडा पुढे करतात.

त्या दिवशी फाइल होती धरणगावकडच्या चुडामण नानांची. प्रोस्टेटचा कॅन्सर, अजून बाहेर न पसरलेला. ऑपरेशन करा की रेडिएशन द्या, गुण दोन्हीचा सारखाच. नानांनी तर ‘कापू नका’ म्हणून हात जोडले होते.

“म्हणजे नाना माझे,” मी म्हटलं.

किरणने स्कॅनवर बोट ठेवलं. “एवढी मोठी ग्रंथी आणि लघवीचा त्रास शून्य? मला पटत नाही. तुझ्या रेडिएशनने ती आणखी सुजली आणि लघवी तुंबली, तर नानांना नळी लावून फिरावं लागेल.”

“फॉर्मवर स्वच्छ लिहिलंय. रात्री लघवीला उठावं लागतं का? नाही. पेशंट खोटा आणि सर्जन तेवढा खरा का?”

“विचारूया त्यांनाच.”

“विचार की! लाव फोन!” मी तणतणले. हरायची मला सवय नाही.

फोन स्पीकरवर टाकला. नाना घरीच होते.

“नाना, रात्री लघवीला उठता का हो?” मी विचारलं.

“नही वो म्याडम. रातले उठानं कामच नही.”

मी किरणकडे ऐटीत पाहिलं. तो वेफर चावत म्हणाला, “नाना, मग झोपता कधी?”

“झोपस कोठे? रातभर केळीमा राहस. लाईट रातनी, मोटर रातनी. ठिबकना पानीना कॉक घडीघडी बदलना पडतस.”

“आणि तेव्हा लघवीला किती वेळा जाता?”

“ते कोन मोजस? दर कॉकले एकदाव.”

पंडित सरांना ठसका लागला. किरणने टेबलावर डोकं टेकलं आणि खदखदून हसला. मी चिडायचं ठरवलं होतं, पण मलाही हसू आवरेना. माणूस उठत नव्हता हे खरंच होतं, कारण तो झोपतच नव्हता.

तेवढ्यात फोनमागून नानांच्या बायकोचा, मंदाबाईंचा आवाज आला. “काय सांगी राह्यनात? लाईट ते दोन वरीसफाईन दिननी शे!”

आमचं हसू तिथेच थांबलं. शेताची लाईट दिवसाची झाली तरी हा माणूस रोज रात्री केळीच्या बागेत जात होता.

“नाना?” मी म्हटलं.

ते हळूच म्हणाले, “घरमा घडीघडी उठनं का हिनी झोप मोडस. हिले बीपी शे. ऑपरेशन करं तरी हिलेच जागनं पडी. म्हनीसन मी नको म्हनं.”

फॉर्म भरून घेताना मंदाबाई शेजारीच बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर नाना दुसरं काय सांगणार होते?

“नाना, रेडिएशन राहू द्या,” मी म्हटलं. हे वाक्य मी किरणसमोर पहिल्यांदाच उच्चारलं. “ऑपरेशन करून घ्या. ग्रंथीच निघाली की अडथळाही जाईल. काही महिने लघवी गळेल, ते खोटं सांगत नाही. पण असं रात्रभर उभं राहणं सुटेल. तुम्हाला काय वाटतं?”

“पन हिले...” नाना अडखळले.

मंदाबाईंनी फोन ओढून घेतला असावा. “तारीख सांगा बाई, ह्यासले मी लिसन येस. जागनं पडी ते जागसू. आते तरी माले कोठे झोप लागस? केळीमातून ह्या घर येतस तवलोंग मी दारकडेच देखत राहस.”

मागून नानांचा आवाज आला, पण तो आमच्यासाठी नव्हता.

“तू जागीच राहस?”