सोमेश्वरोव्हनाचा हुंकार

सोमेश्वररावांनी हिंगोलीच्या एसटी स्टँडवर उभा जन्म गाड्या पुकारण्यात घातला. 'परभणीकडे जाणारी गाडी फलाटावर उभी आहे' हे साधं वाक्य ते असं म्हणत, की पेंगलेला माणूसही पिशवी उचलून पळत सुटे. निवृत्त झाले, माईक सुटला, पण आवाज तसाच राहिला. "घरात मीठ मागितलं तरी शेजारीण वाटी घेऊन येते," असं त्यांच्या बायकोचं, नर्मदाबाईंचं म्हणणं होतं.

हा आवाज लागला रशियन कादंबऱ्यांच्या कामी. उशीएवढ्या जाडजूड, मराठीत आणलेल्या, रद्दीवाल्यांकडे चकरा मारून जमवलेल्या. मनातल्या मनात वाचणं सोमेश्वररावांना ठाऊकच नव्हतं. दिवेलागण झाली की ते मोठ्यानं वाचायचे आणि त्यांची एकुलती लेक अनुश्री भिंतीला टेकून हुंकार द्यायची. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला समोरून 'हूं' लागतं. 'हूं' थांबलं की समजावं, लेकरू झोपलं, आणि गोष्ट तिथंच ठेवावी. अनुश्री कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी तिचं 'हूं' काही सुटलं नाही.

त्या कादंबऱ्यांमधली नावं तोंडात मावत नसत. पण त्यातली एक रीत सोमेश्वररावांना फार भावली. तिथं बाईच्या नावामागोमाग तिच्या बापाचं नाव 'ओव्हना' जोडून लावतात, आणि ते नाव लग्नानंतरही बदलत नाही, अगदी म्हातारपणीसुद्धा. मग काय, चहा मागायचा तरी "अनुश्री सोमेश्वरोव्हना, चहा आणा!" नर्मदाबाई कपाळाला हात लावायच्या.

गाणं मात्र अनुश्रीनं आणलं. रशियातल्या चर्चमधलं समूहगान तिला मोबाइलवर सापडलं. "पेटी न्हाई, तबला न्हाई, हे कसलं भजन?" असं म्हणत सोमेश्वरराव ऐकायला बसले आणि उठायचं विसरले. वरचे आवाज कुठल्या कुठं चढत होते, आणि खाली पुरुषांचे खर्जातले आवाज एकच सूर धरून बसले होते.

"बाबा, हे खालचे लोक हुंकार देऊन राहिले बघा," अनुश्री म्हणाली. तेव्हापासून एक प्रकरण झालं की थोडं गाणं, असा पायंडाच पडला.

मग अनुश्रीचं लग्न झालं. जावई चिन्मय चांगला, नाशिकचं घर चांगलं. तक्रारीला जागाच नव्हती, हीच मोठी पंचाईत. आधार कार्डावर तिच्या नावापुढं चिन्मय आला आणि सोमेश्वरोव्हना हिंगोलीतच राहून गेली. सगळ्यांत जाड कादंबरी तेव्हा निम्मी झाली होती. एकट्यानं पुढं जायचं नाही, असं दोघांचं ठरलं. रविवारी दुपारी फोनवर वाचायचं.

सुरुवातीचे रविवार झकास गेले. मग 'हूं' पातळ व्हायला लागलं. मागं कुकरची शिट्टी, कुणाची तरी हाक, आणि वाक्य संपायच्या आतच लेकीचं 'हूं'. सोमेश्वररावांच्या मनात पाल चुकचुकली. पोरगी ऐकते, की नुसतं बापाचं मन राखते? विचारायची छाती होईना, म्हणून त्यांनी आगाऊपणा केला. कादंबरीत बर्फातून फौज माघारी निघाली होती. आवाजात जरासाही फरक न करता त्यांनी पुढं जोडून दिलं, "मग जनरलसाहेब हट्ट्याच्या स्टँडवर उतरले, मंजुळामावशीच्या ओसरीवर बसले आणि दह्यासंगं धपाटे खाल्ले."

हट्टा गावची मंजुळामावशी म्हणजे नर्मदाबाईंची बहीण. अनुश्रीच्या साऱ्या उन्हाळी सुट्ट्या तिच्या ओसरीवर गेलेल्या. आता पोरगी खो खो हसेल, "बाबा, काहीही!" म्हणेल, म्हणून सोमेश्वरराव थांबले.

"हूं," पलीकडून आलं.

"आज एवढंच," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पुस्तक कपाटात टाकलं. पुढच्या रविवारी घसा बसल्याचं सांगितलं, त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे आल्याचं.

"काहून वाचून न्हाई राहिले तुमी?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"ऐकणारं कोण आहे?"

"मी आहे की."

"तू हूं म्हणत न्हाईस, भाजी निवडतेस."

लेकीवाचून त्यांना करमत नव्हतं. ती भिंतीला टेकायची तिथं रंग जरा मळला होता. दिवाळीला घर रंगवताना तेवढी भिंत त्यांनी सोडायला लावली. संध्याकाळी ते तिकडं तोंड करून एकटेच गाणं लावायचे. खालचे आवाज धरून असायचे. ते ऐकताना जीव कासावीस व्हायचा, तरी बंद करवत नसे.

एका रविवारी फोन अनुश्रीनंच केला.

"घसा बसलेला न्हाई तुमचा. आईनं सांगितलं मला."

"तुला कामं असतात बाई. उगा तकलीफ कशाला?"

तिनं ते कानाआड केलं. मग म्हणाली, "धपाटे खाऊन झाल्यावर जनरलसाहेब कुठं गेले?"

सोमेश्वरराव खुर्चीतून उठलेच. "तू ऐकलं होतंस?"

"सगळं ऐकलं. मावशीची ओसरी डोळ्यांपुढं आली. समोर घरचे सगळे बसलेले. एक शब्द बोलले असते तर रडले असते, बाबा. 'हूं' तेवढं निघालं. अन् तुमी त्याच्यावरून पुस्तकच बंद केलं!" तिनं नाक ओढलं. "मी पुढं न्हाई गेले. तिथंच बसलेय, ओसरीवर. वाचा ना."

सोमेश्वररावांनी कपाटातून पुस्तक काढलं, खुणेचं पान उघडलं, चष्मा चढवला. अख्ख्या स्टँडला ऐकू जाणारा तो आवाज. पण ओठ हलले आणि शब्द काही फुटेना. अक्षरंही दिसेनाशी झाली.

"बाबा? ऐकताय ना?"

"हूं," सोमेश्वरराव म्हणाले.