नवसाचं कोकरू

गोपिकाबाईने तिसरा तांब्या कोकराच्या पाठीवर रिकामा केला. कपाळावरचा भंडारा ओघळून त्याच्या नाकापर्यंत आला, पण ते बेटं ढिम्म उभं. पाणी पडल्यावर नवसाच्या जनावराने अंग झाडलं की बिरोबाने ते स्वीकारलं. तोवर सुरी लावायची नाही, अशी रीत. हसनाबादच्या शिवारातल्या बिरोबाच्या ठाण्यापुढे जमलेली भावकी चुळबुळ करू लागली होती. मसाला वाटून तयार होता, आणि भूक काही देवाच्या कौलाची वाट पाहत नाही.

करण बाजेवर बसला होता, पाय अजून प्लास्टरात. ट्रॅक्टर उलटून अंगावर आला तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनीही आशा सोडली होती. त्याच्या जिवासाठी हा नवस. तो फिटला नाही तर देव दिलेलं परत नेईल, या धास्तीने त्याच्या आईला, गोपिकाबाईला, धड झोप नव्हती.

सून मोनिका नवऱ्याच्या बाजेपाशी उभी होती. ती जालन्याच्या ख्रिस्ती घरातली. सकाळीच तिने सांगून टाकलं होतं,

“आई, भाकरी सगळ्यांच्या थापते, पण हे मटण मी खाणार न्हाई. आमच्यात एकच कोकरू साऱ्यांसाठी गेलं, येशू. त्याच्यानंतर कापायचं काम उरलं न्हाई.”

“तुमचं तुमच्यापाशी,” गोपिकाबाई फणकारली होती. “शब्द म्या दिलाय.”

नवऱ्याच्या जिवाच्या नवसाचा घास बायकोला चालत नाही, हे तिला फार लागलं होतं.

चौथा तांब्याही वाया गेला. गोपिकाबाईचा नवरा म्हस्कू सुरी घेऊन बसून होता. त्याने सुरी खाली ठेवली.

“कवाचं पाहून राह्यलो. नवसात खोट ऱ्हायली आसल. जे बोलली व्हती ते बराबर बोल. मोठ्यानं.”

गोपिकाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“कोकरू म्या बोललेच नव्हते,” ती म्हणाली. “दवाखान्यात बोलले, माझा जीव घे, याचा ठेव. मंग हा वाचला, आन मला भ्या वाटलं. म्हणून कोकरू सांगितलं.”

करणने मान खाली घातली. म्हस्कू बायकोकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याला एवढं हलवलं नव्हतं. तिने कोकराच्या ओल्या मानेवर हात ठेवला.

“देवा, माझ्या बदली हे घे.”

कोकराने कानापासून शेपटापर्यंत अंग झाडलं. साऱ्यांवर पाणी उडालं. “झाडलं, झाडलं!” म्हणत भावकी उठली. म्हस्कूने जरा वेळ घेतला, मग सुरी उचलली.

दुपारी पंगत बसली तेव्हा मोनिका चुलीमागे भाकरी आणि ठेचा घेऊन बसली होती. गोपिकाबाई ताट वाढून न घेताच तिच्याजवळ येऊन टेकली.

“आई, तुमी न्हाई घेतलं?”

“माझ्या बदली गेलं ते. घास उतरंना.” मग तिने विचारलं, “तुमचं ते कोकरू... त्याला म्हाईत व्हतं का, आपुन कोणाच्या बदली चाललो?”

“म्हाईत व्हतं.”

“आन तरी गेलं?”

“गेलं.”

पंगतीतून रस्सा मागणाऱ्या हाका येत होत्या. मोनिकाने आपली भाकरी मोडली आणि अर्धी सासूच्या हातावर ठेवली.